धनेशाची राखण

डोंगराच्या पाठीवर एक दाट जंगल होतं, आणि त्या जंगलातल्या एका जुन्या बेहड्याच्या झाडावर धनेश पक्ष्यांचं एक जोडपं राहत असे. मुलांनो, धनेश तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. अंगानं कावळ्याच्या तिप्पट, केळ्यासारखी पिवळी बाकदार चोच, आणि त्या चोचीवर आणखी एक लहान चोच उपडी ठेवावी तसं शिंग. तो उडायला लागला की पंखांचा असा घोंघाट होतो की पलीकडच्या टेकडीवर कळावं, कोणीतरी येतंय. दिसायला असा भारदस्त, पण आपला हा धनेश स्वभावानं साधा होता. थोडा भित्रा म्हटलं तरी चालेल. त्याला कारण होतं, ते पुढे येईल.

या पक्ष्यांची एक रीत आहे. ती आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड आतून चिखलानं लिंपून घेते. नर बाहेरून चिखल आणून देतो, ती आतून थापते. शेवटी चोच बाहेर निघेल एवढीच एक उभी फट उरते. मग तीन महिने ती आत. आत बसल्यावर तिची पंखांची आणि शेपटीची पिसं गळून पडतात, त्यामुळे मध्येच बाहेर यावं म्हटलं तरी उडता येत नाही. नवी पिसं येईपर्यंत नर फटीतून जे भरवील त्यावर ती जगते, आणि पिलंही त्यावरच जगतात. नर एक दिवस आला नाही तर आतल्यांचं काय होत असेल, ते तुम्हीच ठरवा.

शिमगा झाला आणि धनेशीण ढोलीकडे निघाली. धनेश शेजारच्या फांदीवर चिखलाचा गोळा घेऊन बसला होता.

"अगं, तीन महिने तू कसे काढतेस?" तो म्हणाला. "उजेड नाही, वारा नाही, पंखसुद्धा नाहीत. मला तर नुसत्या विचारानं गुदमरायला होतं."

"पहिल्या वर्षी मलाही झालं होतं," धनेशीण म्हणाली. "तेव्हा आईनं सांगितलं, आत जाताना एकेक गोष्ट दारात ठेवायची आणि बघायचं, हिच्यावाचून आपलं अडतंय का. वारा ठेवला, नाही अडलं. उजेड ठेवला, दोन दिवस अडलं, मग सवय झाली. पंखही ठेवले. शेवटी बघते तर अडण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या."

"त्या कुठल्या?"

"पोटाला चार घास. आणि अहो, तुमच्या पंखांचा आवाज."

 धनेशानं चिखलाचा गोळा पुढे केला आणि दोघांनी मिळून दार लिंपलं.

पहिला महिना त्यानं जीव ओतून काम केलं. जंगल त्याला तोंडपाठ होतं. कुठल्या ओढ्यावरचा उंबर कधी पिकतो, कुठल्या उतारावर करवंदं आधी काळी होतात, कुठल्या दगडाखाली खेकडा हमखास सापडतो, सगळं त्याला माहीत. उजाडलं की निघायचा, गळ्यात फळं भरून आणायचा, फटीला चोच लावून एकेक फळ आत द्यायचा आणि पुन्हा निघायचा. दिवसाला असे सहा-सात हेलपाटे. कधी फळांबरोबर एखादा सरडा, कधी एखादं रानफूल. फूल कशाला, ते त्याला विचारू नका. तो सांगणार नाही.

चैत्र सरत आला तेव्हा आतून चिवचिव ऐकू आली.

"दोन आहेत," धनेशीण फटीतून म्हणाली. "थोरलं खादाड आहे. धाकटं बिचारं मुकाट आहे, त्याला हुडकून भरवावं लागतं."

धनेशाला आनंद झाला आणि त्याच वेळी भीतीही वाटली. त्याचं कारण असं, की तो स्वतः पिलू असताना एक वाईट साल आलं होतं. झाडांना फळच धरलं नव्हतं. त्याचा बाप दिवसभर उडून संध्याकाळी यायचा आणि रिकामी चोच फटीवर टेकवायचा. त्या रिकाम्या चोचीचा टक टक आवाज धनेशाच्या कानांतून कधी गेला नाही. आता आत त्याची स्वतःची दोन तोंडं होती, आणि एखाद्या दिवशी आपलीही चोच तशीच वाजेल, ही भीती त्याला सोडेना.

अशात एके दिवशी खिंडीपलीकडे त्याला तो वड दिसला. वड जुनाच होता, येता-जाता पाहिलेला. पण यंदा त्याला असं फळ लागलं होतं की पानं शोधावी लागावीत. बरीचशी फळं अजून हिरवी होती, शेंड्याकडची तेवढी तांबूस झाली होती. आजूबाजूला एकही पाखरू नव्हतं. धनेशानं पोटभर खाल्लं, गळा भरून घेतला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तांबटाला सांगा. गेल्या साली त्यानंच आपल्याला फळांनी लगडलेलं नांद्रुकाचं झाड दाखवलं होतं."

धनेश नुसतंच "हं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो वडावर पोचतो तर तांबट आधीच तिथे हजर. तांबट म्हणजे चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर तांबडा टिळा असलेला पक्षी. त्यानं एक फळ अर्धं खाल्लं होतं.

"या धनेशकाका," तांबट म्हणाला. "मला वाटलंच तुम्ही येणार. फळ काय गोड आहे हो. जाताना हरियालांनाही हाक मारून जातो."

हरियाल म्हणजे हिरवी कबुतरं. ती थव्यानं येतात आणि थव्यानं खातात. धनेशाच्या डोळ्यांपुढे शंभर चोची आल्या, मग उघडा पडलेला वड आला, आणि मग ती टक टक.

"कोणाला हाक मारायची नाही," तो म्हणाला. "आणि तूही पुन्हा यायचं नाहीस. माझी दोन पिलं आहेत."

"काका, माझीही तीन आहेत," तांबट म्हणाला. "आणि एवढा मोठा वड. तुम्ही खाऊन खाऊन किती खाल?"

धनेशानं पंख पसरले आणि ती एवढी मोठी चोच उघडून त्याच्या अंगावर गेला. तांबट काही न बोलता उडून गेला. धनेशाला थोडं वाईट वाटलं. पण थोडंच.

हे सगळं एका वाळक्या फांदीवरून कोतवाल बघत होता. कोतवाल पक्षी तुम्हाला माहीत असेल, काळा कुळकुळीत, शेपटी दोन टोकांची. तो फळं खात नाही, किडे खातो. पिकल्या फळांवर किडे जमतात आणि फांद्या हलल्या की ते उडतात, तेव्हा हा त्यांना वरच्या वर टिपतो. म्हणजे फांद्या हलवणारं कोणीतरी त्याला हवंच होतं.

"वा मालक," कोतवाल म्हणाला.

धनेशाला आजवर कोणी मालक म्हटलं नव्हतं. त्यानं मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं.

"तुम्हालाच म्हणतोय," कोतवाल म्हणाला. "एवढं झाड ज्याचं, तो मालक. आता एक करा, इथून हलू नका. तुम्ही पाठ फिरवली की ही पाखरं आलीच म्हणून समजा. मालकानं कसं, बसून राहावं. उडायचं काम ज्याला काही नाही त्याचं."

हे बोलणं धनेशाला मनापासून पटलं. भित्र्या माणसाला त्याच्या भीतीसारखं बोललेलं लगेच पटतं, आणि पक्ष्यांचंही तसंच असतं.

त्या दिवसापासून राखण सुरू झाली. बुलबुल आला, हाकल. मैना आली, हाकल. शेकरू उड्या मारत आलं, त्याच्या मागे या फांदीवरून त्या फांदीवर धाव. फांद्या हलायच्या, किडे उडायचे, कोतवाल टिपायचा आणि म्हणायचा, "शाबास मालक." धनेशाला दिवसभर श्वास घ्यायला उसंत मिळेना. घरी एक फेरी मारायची म्हणजे जायला वेळ, भरवायला वेळ, यायला वेळ, आणि तेवढ्यात इकडे कोण येईल याचा नेम नाही. सहा फेऱ्यांच्या चार झाल्या, चाराच्या दोन झाल्या. मग तो संध्याकाळी तेवढा एकदा जाऊ लागला. घाईघाईनं पाच-सहा फळं फटीत कोंबायची आणि परत फिरायचं.

गंमत बघा. गेल्या वर्षी त्याच्याकडे एकही झाड नव्हतं आणि ढोलीत सहा वेळा जेवण जात होतं. यंदा जंगलातला सगळ्यात मोठा वड त्याचा होता आणि घरचे एकदा जेवत होते. त्याच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. पण तो स्वतःला म्हणायचा, थोडे दिवस काढायचे, सगळी फळं पिकली की मग काय, लयलूट. आपण हे त्यांच्यासाठीच तर करतोय.

एका संध्याकाळी धनेशिणीनं फळं घेतली आणि त्याची चोच आपल्या चोचीनं धरून ठेवली.

"जाऊ नका," ती म्हणाली. "दोन शब्द बोलायचे आहेत."

"लवकर बोल. तिकडे मैना टपून बसली आहे."

"बसू दे. मला सांगा, तुम्हाला भीती कशाची वाटते?"

"वड जाईल याची."

"आणि गेला तर?"

"तर काय? तर उपाशी मरू."

"वड नव्हता तेव्हा आपण उपाशी मेलो होतो का?"

धनेश खिंडीकडे बघू लागला.

"माझं एक ऐका," ती म्हणाली. "उद्याचा एक दिवस वडाकडे जाऊच नका. तो नाहीच असं समजा. पूर्वी हिंडत होतात तसे हिंडा, मिळेल ते आणा. एकच दिवस. म्हणजे ज्याला तुम्ही एवढं भिता ते नेमकं काय आहे, ते तरी कळेल. मी दर वर्षी पंख ठेवून आत बसते. तुम्ही एक दिवस वड ठेवून बघा."

आता ही गोष्ट काही फक्त पाखरांची नाही. दोन हजार वर्षांपूर्वी दूर देशी रोम नावाच्या नगरीत काही शहाणी, आणि चांगली पैसेवाली, माणसं असंच सांगत असत. घरात सगळं असताना अधूनमधून काही दिवस मुद्दाम कोरडी भाकरी खायची, जाडंभरडं नेसायचं आणि साध्या अंथरुणावर निजायचं. उद्या खरंच तशी पाळी आली तर हातपाय गळू नयेत म्हणून. धनेशिणीला रोम कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. तिला आईनं सांगितलं होतं.

"बरं," धनेश म्हणाला. "उद्या नाही जात."

आणि खरंच, सकाळी तो ओढ्याकडे निघाला. अर्ध्या वाटेवर गेला असेल नसेल, तोच खिंडीच्या बाजूनं पाखरांचा कलकलाट ऐकू आला. वडावर कोणीतरी आलं होतं.  नुसतं बघून येऊ, असं म्हणून तो वळला, आणि दिवसभर वडावरच राहिला. संध्याकाळी घरी जायला त्याला तोंड नव्हतं. म्हणून तो गेला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही गेला नाही, आणि त्यानंतरही नाही.

त्याच दिवसांत ऊन तापलं आणि फळं एकदम पिकली. वडाचं फळ साठवायचं फळ नव्हे, ते कोणासाठी थांबत नाही. लाल झालं, मऊ झालं, की एक-दोन दिवसांत गळायला लागतं. वर पाखरू खायला येत नव्हतं, येऊ देतच नव्हता हा. धनेश एकटा. त्यानं फुटेस्तोवर खाल्लं तरी एका फांदीचं संपेना. रोज सकाळी वडाखाली फळांचा सडा पडू लागला, आणि त्या सड्यावर एक रानडुकरीण आपली सात पिलं घेऊन येऊ लागली. पिलं कशी, पाठीवर पट्टे आणि पोटं टरटरलेली.

धनेशानं तिला हाकलायचा विचार केला. पण डुकराला चोच दाखवून काय होणार? तो वर बसून बघत राहिला.

चौथ्या दिवशी रानडुकरीण मान वर करून म्हणाली, "भाऊ, एक बोलू का? इतकी वर्षं मी वडाखाली येते, पण एवढं पडलेलं कधी बघितलं नाही. मेली पाखरं वरच्या वर खाऊन टाकतात, खाली नुसती देठं येतात. यंदा तुम्ही राखण केलीत म्हणून माझी सातही पोरं जगली. देव तुमच्या पोरांचंही असंच करो."

ती हे अगदी मनापासून बोलली. त्यात टोमणा नव्हता. म्हणून तर ते धनेशाला जास्त लागलं. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं. वर आता पानंच पानं होती. उरलेली थोडी फळं काळी पडून आंबली होती आणि त्यांत अळ्या वळवळत होत्या.

"कोतवाल," त्यानं हाक मारली. "अरे कोतवाल."

वाळकी फांदी रिकामी होती. फळं संपली तसे किडे गेले, आणि किडे गेले तसा कोतवालही गेला. त्याचा काही दोष नाही, तो किड्यांसाठीच आला होता. ते त्यानं बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

धनेशानं त्यातल्या त्यात बरी सात-आठ फळं गोळा केली आणि तो घराकडे निघाला. आता त्याला घाई नव्हती, राखायला काही उरलंच नव्हतं. तरी कधी नव्हे एवढ्या जोरात तो उडाला.

बेहडा दिसला. ढोलीच्या दाराला भेग पडली होती. बाहेरून नव्हे, आतून. चिखलाचा एक मोठा तुकडा सुटून खाली पडला होता आणि आत धनेशिणीची चोच ठक ठक करत होती.

"अगं, काय करतेस?" तो ओरडला. "तुझे पंख अजून फुटले नाहीत."

"निम्मे फुटलेत," ती आतून म्हणाली. तिचा आवाज खोल गेला होता. "खाली पडले तर चालत जाईन. इथे बसून भागत नाही."

"हे घे, फळं आणलीत. आधी पिलांना दे. धाकट्याला दे, ते मागत नाही, त्याला आधी दे."

आत ठक ठक थांबली.

"आता एकच आहे," धनेशीण म्हणाली.

धनेशाला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"कधी?"

"परवा."

"मला सांगितलं नाहीस?"

"कोणाला सांगू?" ती म्हणाली. "परवा तुम्ही आला नव्हतात, कालही नाही."

ती रडली नाही, आणि त्याला बोललीही नाही. त्याला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानं फळं आत दिली. दोन तिनं घेतली, बाकीची फटीतून बाहेर टाकली. त्यांत अळ्या होत्या.

"मला वड नको होता हो," ती थोड्या वेळानं म्हणाली. "चार घास हवे होते."

ती पुन्हा दार फोडू लागली. धनेशाला रडू फुटलं. ती खाली उतरली की मुंगूस आहे, रानमांजर आहे. दार उघडं राहिलं की थोरल्या पिलालाही घोरपड सोडायची नाही. आता सगळं गेल्यातच जमा होतं.

"एक दिवस दे," तो म्हणाला. "तू माझ्याकडे मागितला होतास, मी दिला नाही. आता मी मागतो. संध्याकाळपर्यंत थांब. मग वाटेल ते कर."



"संध्याकाळपर्यंत," धनेशीण म्हणाली.

तो निघाला आणि ओढ्यावर आला. उंबर पिकून संपला होता. उताराकडे गेला, करवंदं अजून लाल होती. जंगलात कुठे काय पिकलंय हे पूर्वी त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आता पंधरा-वीस दिवस एका झाडावर बसून त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ऊन वर चढलं तरी गळा रिकामाच. तेव्हा लांबून त्याला टुक टुक टुक असा आवाज ऐकू आला. तो तांबट होता. धनेशाला तिकडे जायची लाज वाटली, आणि तरीही तो गेला.

"तांबटा," तो म्हणाला, "तुला मी हाकललं. मी वाईट वागलो. माझं एक पिलू गेलं आहे, आणि दुसरंही राहील असं वाटत नाही. कुठे काही पिकलं असेल तर सांग. नाही सांगितलंस तरी मी काही म्हणणार नाही."

तांबटानं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"राग आला होता काका," तो म्हणाला. "अजून थोडा आहे. पण तुम्ही हाकललंत म्हणून मी खाली दरीत शोधलं, आणि कातळावर एक नांद्रूक सापडलं. या माझ्या मागोमाग. तिथे हरियाल आहेत, मैना आहे, शेकरूही आहे. तिथे कोणी मालक नाही, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

नांद्रुकाच्या फांदीवर धनेश कडेला बसला, अंग चोरून. कोणीतरी आपल्याला हाकलील असं त्याला वाटत होतं. मैना जराशी सरकली आणि खात राहिली. बाकी कोणी मान वर करूनही पाहिलं नाही, ज्याचं त्याचं खाणं चाललं होतं.

त्यानं गळा भरला आणि घर गाठलं. पुन्हा नांद्रूक, पुन्हा घर. वाटेत एक सरडा मिळाला, तो घेतला. दगडाखालचा खेकडा अजून तिथेच होता, तोही घेतला. नाकी नऊ आले, पण तो थांबला नाही. दिवस मावळायला आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आज दिवसभरात आपण एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वड गेला होता. ज्याला तो लहानपणापासून भीत आला होता ते घडून गेलं होतं, आणि घडल्यावर करायचं ते एवढंच होतं. उडायचं, शोधायचं, आणायचं. हे तर त्याला पहिल्यापासून येत होतं. त्यासाठी धाकट्याचा जीव जायला नको होता, आणि ही गोष्ट त्याला पुढे जन्मभर टोचत राहिली.

शेवटच्या फेरीला त्यानं फळं आणली नाहीत. ओढ्यावरून चिखलाचा गोळा आणला आणि फटीपुढे धरला.

धनेशिणीनं चिखलाकडे पाहिलं. आत थोरलं पिलू पोटभर जेवून झोपलं होतं.

"आणखी एक गोळा लागेल," ती म्हणाली, आणि तिनं आतून भेग लिंपायला घेतली.

जांभळं पिकायच्या सुमारास तिचे पंख पुरे भरले. तिनं दार फोडलं आणि ती पिलाला घेऊन बाहेर आली. एकदा तिघं खिंडीवरून उडत जात होते, तेव्हा तिनं विचारलं, "हाच का हो तो वड?" धनेश म्हणाला, "हाच." तिनं एकवार पाहिलं आणि तिघं पुढे गेले.

पुढच्या वर्षी शिमगा झाल्यावर धनेशीण पुन्हा ढोलीकडे निघाली. धनेश चिखलाचा गोळा घेऊन बसला होता.

"यंदाही वडाला फळ आहे म्हणे," ती म्हणाली.

"आहे. तांबटाला सांगितलं, हरियालांना सांगितलं. मीही जाईन, आणीन," धनेश म्हणाला. "पण दर आठ दिवसांतून एक दिवस तिकडे फिरकायचं नाही असं ठरवलंय. तू दारात ठेवतेस तसं मीही काहीतरी दारात ठेवतो."

त्या उन्हाळ्यात बेहड्यावर दिवसातून सहा-सात वेळा पंखांचा आवाज व्हायचा. वडाचा दिवस असो की बिनवडाचा, त्यात खंड पडला नाही. आणि प्रत्येक फेरीला सगळी फळं देऊन झाली की धनेश एक फळ जास्तीचं द्यायचा. ते कोणाच्या वाट्याचं, हे धनेशिणीनं त्याला कधी विचारलं नाही.

तात्पर्य : संपत्ती घरच्यांच्या पोटासाठी असते, ती गमावण्याच्या भीतीनं जो तिचा राखणदार होतो, त्याचेच लोक उपाशी राहतात. म्हणून सगळं असताना अधूनमधून त्याच्यावाचून राहून पाहावं, म्हणजे भीतीही जाते आणि आपली माणसंही राहतात.